नोट ४ रूट झाला, घोडं यूएसबी पोर्टात पेंड खात होतं

झाला एकदाचा माझा रेडमी नोट ४ रूट, म्हणजे फोनच्या सिस्टीमचा पूर्ण ताबा हातात आला! काल रात्री सव्वाअकराला मॅजिस्कच्या (रूट करून देणाऱ्या) ॲपमध्ये 'इन्स्टॉल्ड'च्या पुढे व्हर्जनचा आकडा दिसला आणि मी खुर्चीवरून उठून खोलीतल्या खोलीत चकरा मारल्या, बसवेचना. पाच रात्री गेल्या. रात्रीच म्हणतोय कारण इथे चोपड्यात सध्या पारा ४४ च्या खाली यायला तयार नाही, दुपारी वरच्या खोलीत कूलर लावला तरी फोन हातात धरवत नाही.

मागच्या वेळी कुठे थांबलो होतो ते आठवत असेल. बूटलोडर (फोन उठवणारा पहिला प्रोग्रॅम) अनलॉक झाला होता, नवीन बॅटरी बसली होती, पॅच केलेली बूट इमेज (फोन उठताना लागणारी, मॅजिस्कने बदललेली फाईल) तेवढी टाकायची राहिली होती. (अनलॉक केल्यावर फोटो राहतात का असं दोघातिघांनी विचारलं होतं, नाही राहत भाऊ, फोन पूर्ण कोरा होतो, आधी सगळं काढून ठेवा.) दहा मिनिटांचं काम, असं मी तेव्हा लिहिलं होतं. ते वाक्य मागे घेतो.

नवीन आलेल्यांसाठी, फोन म्हणजे रेडमी नोट ४, २०१७ च्या जानेवारीत भारतात आलेला, स्नॅपड्रॅगन ६२५ वाला, कोडनेम मिडो. कोडनेम पाठच करा, कारण ह्याच नावाचा हेलिओ एक्स२० वाला एक फोन बाहेर देशात निघाला होता, त्याचं कोडनेम निकेल, आणि एकाची फाईल दुसऱ्याला चालत नाही. फाईल शोधताना नावाने नका शोधू, कोडनेमने शोधा.

तर आता मुद्द्याचं. फोन चालू असताना कॉम्प्युटरवर एडीबीची (केबलवरून फोनला कमांड देणारं टूल) 'एडीबी डिव्हायसेस' कमांड टाकली की सिरीयल नंबर येत होता, एकदम व्यवस्थित. मग फोन बंद करून व्हॉल्यूम डाऊन आणि पॉवर दाबून फास्टबूटमध्ये (अँड्रॉइड उठण्याआधीचा मोड) नेला, तो टोपीवाला ससा अँड्रॉइडची दुरुस्ती करतोय ते चित्र आलं, केबल लावली, 'फास्टबूट डिव्हायसेस' टाकलं तर काहीच नाही. पुढची कमांड दिली तर 'वेटिंग फॉर एनी डिव्हाइस' आणि कर्सर नुसता लुकलुकतोय.

पहिली रात्र ड्रायव्हरमध्ये गेली. हे नवीन लोकांना कायम फसवतं म्हणून नीट सांगतो. विंडोजला एडीबीचा ड्रायव्हर मिळाला म्हणजे फास्टबूटचा मिळाला असं नसतं, फास्टबूटमध्ये गेलेला फोन विंडोजच्या दृष्टीने वेगळंच यंत्र आहे. डिव्हाइस मॅनेजर उघडा, फोन फास्टबूटमध्येच ठेवून, तिथे नुसतं 'अँड्रॉइड' आणि पिवळं उद्गारचिन्ह दिसेल, त्याच्यावर राईट क्लिक, ड्रायव्हर अपडेट, लिस्टमधून निवडा, आणि 'अँड्रॉइड बूटलोडर इंटरफेस' घ्या. मी गूगलचाच यूएसबी ड्रायव्हर वापरला. पंधरा सेकंदांत सगळं बसवून देणारे जे इन्स्टॉलर फिरतात त्यांच्यातले प्लॅटफॉर्म टूल्स (एडीबी आणि फास्टबूटच्या फाईली) फार जुने असतात, माझ्या मते सरळ गूगलची झिप उतरवा आणि त्याच फोल्डरमध्ये कमांड विंडो उघडा, पाथ सेट करायची सुद्धा गरज नाही.

ड्रायव्हर बसला, सिरीयल नंबर आला, मला वाटलं जमलं. लगेच दुसरी कमांड दिली आणि फोनचा ससा गायब. स्क्रीन काळी. नीट बघितलं तर अगदी वरच्या डाव्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत 'प्रेस एनी की टू शटडाऊन'. पुन्हा फास्टबूट, पुन्हा तेच. नंबर एकदा दिसतो, काम सांगितलं की फोन हात वर करतो. वीस-पंचवीस वेळा तरी केलं असेल, दर वेळी तेच बारीक वाक्य.

दुसऱ्या रात्री केबल धरली. घरात मायक्रो यूएसबीच्या चार केबल होत्या, एक तर नुसती चार्जिंगची निघाली, ती चाकूने सोलून बघितली, आत लाल आणि काळी दोनच तारा, डेटाच्या पांढऱ्या-हिरव्या तारा टाकलेल्याच नाहीत. बाहेरून बघून अजिबात कळत नाही, त्यामुळे कुठल्याही केबलवर भरवसा ठेवण्याआधी तिच्यावरून एक फोटो कॉपी करून बघा. पण बाकीच्या तीन चांगल्या होत्या आणि तिन्हींवर तोच काळा स्क्रीन. तिसऱ्या रात्री लिनक्स. पेनड्राईव्हवरून उबुंटू चालू केलं, तिथे ड्रायव्हरची भानगडच नसते, 'सुडो' लावून फास्टबूट चालवलं की झालं. तरी तेच! खरं म्हणजे ह्या तिसऱ्या रात्रीनेच कोडं सोडवलं, फक्त मला ते चौथ्या दिवशी कळलं. विंडोज नाही, ड्रायव्हर नाही, केबल नाही, मग राहिलं काय, तर केबल ज्या भोकात जाते ते.

हे सगळं चाललं होतं तो पुतण्याचा डेस्कटॉप नवा आहे, गेल्या दिवाळीत असेंबल केलेला. माझा जुना लॅपटॉप गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात गेला, त्याच्यावर मी हाताच्या बोटांवर मोजता येणार नाहीत इतके फोन फ्लॅश केले (सिस्टीमच्या फाईली लिहिल्या) आणि हा त्रास एकदाही आला नाही. गोष्ट अशी आहे की फोन चालू असतो तेव्हा यूएसबी सांभाळतो अँड्रॉइडचा कर्नल (सिस्टीमचा गाभा), म्हणून एडीबी नीट चालत होतं. फास्टबूटमध्ये कर्नल उठलेलाच नसतो, तिथे यूएसबीचं बोलणं बूटलोडरमधला छोटासा कोड करतो, आणि तो कोड यूएसबी २.० च्या हिशोबाने लिहिलेला. काही नवीन मदरबोर्डच्या यूएसबी ३ कंट्रोलरशी (पोर्ट सांभाळणारी चिप) त्याचं जमत नाही, ओळख होते पण बोलणं मध्येच तुटतं. निळं पोर्ट सोडून काळ्यात लावून बघितलं, फरक नाही, कारण ह्या बोर्डवर काळं पोर्टही त्याच कंट्रोलरला जोडलेलं आहे. रंगावर जाऊ नका.

उपाय एवढाच की मध्ये यूएसबी २.० चा हब टाकायचा. तो नेमका घरात नाही. पाचव्या दिवशी बसस्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्या दादाकडे गेलो, त्यांच्याकडे अंगठ्याच्या मशीनला लावलेला चार तोंडांचा जुना हब होता, धूळ बसून मूळचा पांढरा रंग पिवळा पडलेला. म्हटलं दादा, एका रात्रीसाठी द्या. त्यांनी दिला, वर चहा पण पाजला. घरी आलो, हब लावला, फोन लावला, 'फास्टबूट गेटव्हार ऑल' (फोनची सगळी माहिती मागणारी कमांड) टाकलं आणि धडाधड ओळी पडायला लागल्या, पन्नास-साठ तरी असतील. ससा जागेवर! मी त्या ओळी शेवटपर्यंत वाचत बसलो, वाचायचं कारण काही नव्हतं.

पुढचं खरंच दहा मिनिटांत झालं. फोनमध्ये जी मीयूआय (शाओमीचं अँड्रॉइड) आहे अगदी त्याच बिल्डचा फास्टबूट रॉम (पूर्ण सिस्टीमच्या फाईली) घ्यायचा, त्यातून बूट इमेज काढायची, फोनवर टाकून मॅजिस्कमधून पॅच करायची, आणि पॅच झालेली फाईल 'एडीबी पुल'ने कॉम्प्युटरवर आणायची. नुसतं कॉपी-पेस्ट करू नका, एमटीपीवरून (केबल लावून होणारी साधी कॉपी) मोठी फाईल कधीकधी खराब होऊन येते, मॅजिस्कच्या माहितीत पण हेच लिहिलंय. आणि हे लक्षात ठेवा, लगेच फ्लॅश करायची घाई नको. आधी 'फास्टबूट बूट' आणि फाईलचं नाव, म्हणजे फोन त्या इमेजवर एकदाच उठतो, काही लिहिलं जात नाही, बिघडलं तर रीस्टार्ट केला की पुन्हा पहिल्यासारखा. सगळेच फोन ही कमांड घेत नाहीत, मिडो घेतो. उठला, वायफाय चालतंय, कॉल लागतोय एवढं बघितलं आणि मग मॅजिस्कच्या आतूनच 'डायरेक्ट इन्स्टॉल' केलं. हो, आणि मॅजिस्क फक्त गिटहबवरून घ्या, त्याची दुसरी अधिकृत वेबसाईटच नाही, सर्चमध्ये वर येतात त्या सगळ्या भलत्यांच्या.

रूट कशाला हवं होतं ते आधी लिहिलंय, तरी थोडक्यात. नानांच्या तापीकाठच्या शेतात मोटरीची पत्र्याची खोली आहे, तिथे हा फोन कायम चार्जरला लावून कॅमेरा करायचा होता. कायम १०० टक्क्यांवर आणि त्यात पत्र्याखालची गरमी, मग बॅटरी फुगते, पहिली फुगूनच गेली, स्क्रीन एका बाजूने उचलून आली होती. नंतर ऑनलाईन मागवलेली दुसरी दोन महिन्यांत बाद झाली, तिच्यावर ४१०० एमएएच लिहिलेलं होतं पण तेवढा दम तिच्यात नव्हता. शेवटी जळगावला गोलाणी मार्केटमधल्या एका कारागिराने बीएन४३ (ह्या फोनच्या बॅटरीचा मॉडेल नंबर) बसवून दिली, माझ्यासमोर जुनीचा गोंद कोमट करून हळूहळू काढली, कुठे घाई नाही. अशी माणसं सांभाळून ठेवा.

तर रूट झाल्या झाल्या एसीसी मॉड्यूल (मॅजिस्कमध्ये बसणारी, चार्जिंगला मर्यादा घालणारी जोडणी) टाकलं आणि '७५ ७०' सेट केलं, म्हणजे ७५ ला चार्जिंग थांबतं, ७० ला परत सुरू. रात्रभर लावून ठेवला, सकाळी ७३. हा आकडा बघून मला रूटपेक्षा जास्त आनंद झाला.

आणि हे नानांना दाखवत होतो तेव्हाच सगळा बेत बदलला. नाना म्हणे कॅमेरा राहू दे, "हाऊ फोन लाईट उनी ते सांगी का?" (हा फोन लाईट आली ते सांगेल का?) बरोबर आहे त्यांचं! शेतीच्या लाईटची पाळी रात्रीची असली की लाईट कधी साडेबाराला, कधी दीडला, ऑटो स्टार्टरने मोटर चालू होते पण केळीचे ठिबकचे वॉल्व्ह हाताने फिरवावे लागतात, म्हणून ते दोनदा उठून शेतात चक्कर मारतात, आणि तिकडे बिबट्याची भीती आहे. फोन चार्जरला आहे म्हणजे लाईट आली की त्यालाच सगळ्यात आधी कळतं. टर्मक्समधून (फोनवर स्क्रिप्ट चालवणारं ॲप) एसएमएस पाठवायचा, बस. आमच्याकडे शेतीचा फीडर वेगळा आहे म्हणून खोलीत लाईट आली म्हणजे थ्री फेज आली, तुमच्याकडे सिंगल फेज कायम राहत असेल तर हे असं चालणार नाही.

टर्मक्स आणि त्याचं एपीआय ॲप दोन्ही एफ-ड्रॉइडवरून (प्ले स्टोअरसारखंच ॲपचं दुसरं दुकान) घेतलं. अँड्रॉइड ७ पासून पुढे चालतं, म्हणजे आपण अगदी काठावर. इथे एक फसगत झाली. स्क्रिप्टमध्ये मी चार्जिंग चालू आहे का ते बघत होतो, पण एसीसीने ७५ ला चार्जिंग तोडलं की फोन म्हणतो चार्जिंग नाही, आणि स्क्रिप्ट म्हणते लाईट गेली! आता बॅटरीकडे बघायचं सोडून यूएसबीच्या फोल्डरमधली 'प्रेझेंट' फाईल वाचतो, तिथे चार्जर आहे म्हणजे एक, नाही म्हणजे शून्य. रूट नसता तर इथे अडलो असतो.

मध्ये एक किरकोळ धक्का, पुतण्याने फॉन्टचं मॉड्यूल टाकलं आणि फोन लोगोवरच थांबला. घाबरू नका अशा वेळी, उठताना व्हॉल्यूम डाऊन धरून सेफ मोडमध्ये न्या, मॅजिस्क सगळी मॉड्यूल बंद करतं, मग नको ते काढून टाका. आणि ह्या फोनवर यूपीआय, बँक काही ठेवू नका, रूट लपवायचे खेळ करत बसण्यापेक्षा ते दुसऱ्या फोनवर.

(इथून पुढचं दोन दिवसांनी लिहितोय.) काल फोन खोलीत लावून आलो, पत्र्यापासून लांब, मडक्याशेजारच्या कोनाड्यात. रात्री १२:४१ ला नानांच्या फोनवर पहिला एसएमएस, 'लाईट आली'. १२:४३ ला 'लाईट गेली', १२:४४ ला परत 'आली', अशी पाच मिनिटांत सात मेसेजची रांग, कारण सुरुवातीला डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) लाईट अशीच झटके खाते. आता लाईट सलग तीन मिनिटं टिकली तरच मेसेज, असं स्क्रिप्टमध्ये टाकतोय. फोन पूर्ण संपून बंद पडला तर लाईट आल्यावर आपोआप उठायला पाहिजे, त्यासाठी फास्टबूटमधली 'ऑफ मोड चार्ज' शून्य करायची कमांड ह्या फोनवर चालते का ते बघायचंय, ज्यांनी मिडोवर केली असेल त्यांनी सांगा. दादांचा हब मात्र अजून माझ्याकडेच आहे, उद्या नवा घेऊन तो परत करतो.