दम धर

आमच्या धंद्यात ‘आपोआप’ हा शब्द दिवसातून दहादा कानावर पडतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे जळलेल्या मोटरीत नवी तार भरायचं, दुकान आहे, बाबांपासूनचं. पाच एचपीची मोटर टेम्पोतून उतरवता उतरवता माणूस सांगायला लागतो, “काय न करता जळली बघा. आपोआप.” मी झाकण काढतो. दोन फेजच्या कॉईल काळ्याठिक्कर, तिसरी अजून चकचकीत. म्हणजे विजेच्या तीन फेजांतला एक गेला होता, मोटर घुं घुं करत जागेवर बसली होती आणि मालक मोटर आपोआप चालू करणाऱ्या ऑटो स्विचवर भरवसा टाकून घरात जेवत होते. पण हे तोंडावर बोलायचं नसतं. चहा सांगायचा आणि तांब्याच्या तारेचं वजन करायला घ्यायचं.

परवा रविवारी दुपारी भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. इंग्लंडात लेस्टरला शिकायला आहे. इकडचं तिकडचं झालं, मग आवाज खाली घेऊन म्हणाला, “मामा, कॉईल जळली वो.”

मला वाटलं, खोलीतला हीटर गेला. तर त्यानं कॅमेऱ्यासमोर बोटभर लांबीची एक डबी धरली. व्हेप, म्हणजे बॅटरीवरची सिगारेट. “आईला सांगू नका. काय केलं नव्हतं मी. आपोआप जळली.”

घ्या. सातासमुद्रापार गेला तरी गिऱ्हाईक ते गिऱ्हाईकच.

आपल्याकडं २०१९ च्या कायद्यानं ही वस्तू बनवणं, आणणं, विकणं सगळंच बंद केलंय, त्यामुळं मी ती कधी हातात धरलेली नाही. सिगारेट सोडायला घेतली म्हणे. निकोटिन ह्यातही आहे, तेव्हा मला हे बिडी सोडून तपकीर धरल्यासारखं वाटतं. तसं त्याला मागंच सांगून झालंय. पण जळकी कॉईल समोर आली की माझ्याच्यानं गप्प बसवत नाही. म्हटलं, “उघड बघू.”

त्यानं आतली कॉईल ओढून काढली. धातूची एवढीशी नळी, पेराएवढी. अंगाला दोन भोकं, भोकांतून कापूस डोकावतोय. पोटात तार. टाकीतला द्रव भोकांतून कापसात मुरतो, तार तापते, द्रवाची वाफ होते, ती हा ओढतो. एवढंच यंत्र. त्यानं टाचणीनं कापूस उकरून दाखवला. कडेला तांबूस आणि मधोमध, जिथं तारेला टेकतो तिथं, करपलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखा काळा.

माझ्या शेजारी आई फुलवाती वळत बसली होती. मी एकदा तिच्या मांडीवरच्या कापसाकडं बघितलं, एकदा फोनकडं. अरे, ही तर समई! समईत तेल आहे तोवर वात जळत नाही, तेल जळतं. तेल संपलं की मग ज्योत वातीलाच खाते. लहानपणी घरी वातीचा स्टो होता. रॉकेल तळाला गेलं की घरभर जो उग्र वास सुटायचा, तो वातीचा असायचा. नव्या वाती घातल्या की आई लगेच काडी लावू द्यायची नाही. आधी त्या रॉकेल पिऊन जड व्हायच्या, मग काडी. आम्ही भुकेनं कावलेलो, आणि ही म्हणायची, “दम धर.”

“नवीन कॉईल कधी घातलीस?”

“काल.”

“घातल्यावर किती वेळ ठेवलीस?”

“ठेवायची असती?”

सापडला. कोरड्या कापसावर पहिला झुरका. तार तापली, न्यायला वाफ नाही, मग ती उष्णता जाणार कुठं? बोअरमधल्या सबमर्सिबलचं हेच. भोवतीचं पाणी तिला थंड ठेवतं, पाणी उतरलं की पेटली. आपल्या मराठीत दम मारायचाही असतो आणि धरायचाही. ह्या पोराला पहिलाच तेवढा येतो.

पुढची चौकशी मी सराईतपणे केली. कॉईलवर बारीक अक्षरात छापलेलं वाचायला लावलं. ०.८ ओहम, १२ ते १६ वॅट. “आणि तू कितीवर चालवलीस?” “पंचवीस.” का, तर धूर जास्त येतो. आता ०.८ ओहमला सोळा वॅट द्यायला साडेतीन व्होल्टच्या आसपास लागतात, पंचविसाला साडेचार. त्या केसासारख्या तारेला एक व्होल्ट म्हणजे थट्टा नव्हे. म्हटलं, नवी कॉईल आधी बारावर चालव, मग हळूहळू चढव, आणि छापलेल्या आकड्याच्या पुढं जायचं नाही.

एकामागून एक झुरकेही हा मारणारच. विहिरीचा उपसा झऱ्यापेक्षा जास्त झाला तर मोटर कोरडी चालायचीच. दोन झुरक्यांच्या मधे कापसाला प्यायला उसंत द्यायची. टाकीतला द्रव त्या भोकांच्या खाली उतरू द्यायचा नाही, विहिरीत पाइपाच्या तळाला असतो तो फुटवॉल उघडा पडला की पाइपात हवा शिरते तसंच ते. द्रवही फार दाट नको. एरंडेल बारीक वातीला चढत नाही.

“फ्लेवर कुठला?”

“आंबा. लई गोड हाय.”

मग तर बोलायलाच नको. कोल्हापूरच्या माणसाला गोड कसं करपतं हे शिकवावं लागावं? गुऱ्हाळात काहिलीतला रस शेवटी शेवटी दाट होतो, तेव्हा ढवळणाऱ्याचा हात थांबला की तळाला लागलाच, मग अख्ख्या आदणाला जळका वास. त्या गोड द्रवाचं तारेवर तसंच होतं. काळा थर बसत जातो, आणि कॉईल चार दिवस आधीच जाते. समईची काजळी निदान झाडता तरी येते.

“मग ही धुऊन वापरू?” त्यानं विचारलं.

करपलेला कापूस पुन्हा पांढरा होत नाही, ती चव जायची नाही. खरं तर माझे हात शिवशिवत होते. आमच्याकडं जळलेली मोटर कोणी फेकत नाही. छिन्नीनं जुनी तार काढायची, स्लॉटमधे नवा कागद, नवी तार, वार्निश, की पुन्हा दहा वर्षं. ही नळी माझ्या हातात असती तर मी उकलून भरून दिली असती. पण पोरानं ती कचऱ्यात टाकली आणि पाकिटातून दुसरी काढली. आपल्या पिढीला ह्याचा त्रास होतो, असो.

नवीच्या भोकांवर त्यानं द्रवाचे दोन-तीन थेंब सोडले, ती बसवली, टाकी भरली. म्हटलं, आता दहा मिनिटं हात लावायचा नाही. तो घड्याळाकडं बघत बसला. नुसतं काय बसायचं, म्हणून विचारलं जेवतोस काय, तर म्हणाला, ब्रेड. मग पांढऱ्या रश्श्यावर आला, मग गल्लीतल्या पोरांवर, मग एकदम म्हणाला, इथं चारलाच अंधार पडतो वो मामा. एरवी ह्याचा फोन दोन मिनिटांत संपतो.

आईनं वात बाजूला ठेवली. “मघापासनं काय भिजत घातलंय रे त्यानं?”

तिला काय सांगणार. म्हटलं, “मटकी.”

“दहा मिनिटांत काय भिजतीया? रातभर ठेव म्हणावं.”