तुम्ही विचारलंत म्हणून: मराठीत एम.ए. करून येतं काय?

‘मराठी घेऊन एम.ए. केलं म्हणजे पोरांना नेमकं येतं काय?’ पालक विचारतात, ओळखीचे वकीलही विचारतात. मी शिवाजी विद्यापीठातून मराठीतच एम.ए. झाले आणि कोर्टाच्या कागदांचं भाषांतर करून घर चालवते, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो. तुम्हीही विचारलंत, तर सांगते.

मला जास्त लागतं ते हे, की हाच प्रश्न त्या मुलांना केला तर तीही मान खाली घालतात.

१८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे मुख्य ठिकाणाबाहेर बसणारं खंडपीठ, सुरू झालं. सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या इमारतीत सहा जिल्ह्यांची प्रकरणं येऊ लागली. खालच्या कोर्टातले जबाब, खरेदीखतं, मृत्युपत्रं मराठीत आणि वरचं कामकाज इंग्रजीत. काम वाढलं तशी मदतीला एक मुलगी घेतली, नुकतीच एम.ए. झालेली. तिच्या बायोडेटात ‘कौशल्ये’ म्हणून एवढंच होतं: टायपिंग, मराठी ३०, इंग्रजी ४०.

एकदा एक जुनं खरेदीखत आलं. त्यात लिहिलं होतं, ‘सदर जमिनीसोबत विहीर व इंजिनातील निम्मा हिस्सा.’ मी सवयीनं दोन्हींत निम्मा हिस्सा असं भाषांतर करून पुढं गेले होते. ती अडली.

“मॅडम, विहिरीला प्रत्यय कुठाय? ‘विहिरीतील’ म्हटलेलं नाही. मग विहीर आख्खी दिली का निम्मी?”

मराठीत ते वाक्य दोन्ही अर्थ पोटात घेऊन बसतं. इंग्रजीत मात्र एक काहीतरी धरावं लागतं. तिनं पुढची पानं चाळली. तिसऱ्या पानावर पाण्याची पाळी सोमवार ते बुधवार अशी ठरवून दिली होती. “आख्खी विहीर दिली असती तर पाळी कशाला बांधली असती?” तर्क बरोबर होता, तरी अर्थ लावणं कोर्टाचं काम. आम्ही मूळ वाक्य जसंच्या तसं देऊन खाली टीप घातली. त्या एका प्रत्ययावर कुणाच्या तरी उसाचं पाणी अवलंबून होतं.

मी तिला म्हटलं, हे फार मोलाचं येतंय तुला. तर म्हणाली, “ह्यात काय मॅडम, वाचलं की कळतंय.”

कळत नाही हो सगळ्यांना! तिला ते दोन वर्षं व्याकरण आणि बोली अभ्यासून कळायला लागलंय. पण टायपिंगचा दाखला मिळतो, या वाचण्याचा मिळत नाही. परीक्षेत कवितेचा आशय विचारतात आणि त्यापायी हाताला काय लागलं हे वर्गात कुणी बोलून दाखवत नाही. आमच्या वेळीही कुणी सांगितलं नव्हतं. इंग्रजी वाक्यरचना, कॉम्प्युटर हे वेगळं शिकावंच लागतं, ते मी झाकणार नाही. तिचं इंग्रजी अजून मी लाल शाईनं दुरुस्त करते.

त्या संध्याकाळी तिनं विचारलं, “हे बायोडेटात कसं लिहायचं?” बराच वेळ खोडत बसलो. शेवटी लिहिलं: ‘मराठी दस्तऐवज बारकाईने वाचून संदिग्ध जागा दाखवता येतात.’ तिनं ती ओळ टायपिंगच्या खाली टाकली. मी ती वर घ्यायला लावली.