मसाला केव्हा पडला?

हॉटेलात खाल्लेला एखादा पदार्थ जिभेवर रेंगाळत राहिला की तो घरी करून पाहणारे बहुतेक जण सर्वप्रथम त्यातील मसाल्यांची यादी शोधू लागतात. ती हाती लागूनही चव जुळली नाही, तर आचाऱ्याने एखादा गुप्त मसाला दडवून ठेवला असावा, असा निष्कर्ष काढून मोकळे होतात. हा उद्योग बराच काळ हौसेने केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की यादी बहुधा बरोबरच असते, चुकतो तो क्रम. तोच मसाला तेलात पडला की पाण्यात, सुरुवातीला पडला की आच बंद केल्यावर, अख्खा पडला की दळलेला, यावरून पदार्थ ओळखू येऊ नये इतका बदलतो.

म्हणून शोधाची सुरुवात ताटापासूनच करावी. पहिला घास घेण्याआधी वाफेबरोबर जो गंध नाकाशी येतो, तो सहज उडून जाणाऱ्या घटकांचा असतो. तो ताटापर्यंत टिकला असेल, तर तो जिन्नस बहुधा अगदी शेवटी घातलेला असतो. घास गिळल्यावर घशामागून नाकाकडे चढणारा आणि बराच वेळ रेंगाळणारा स्वाद मात्र मसाला तेलात नीट मुरल्याचे सांगतो. सामिष पदार्थाचा रस ओठांना किंचित चिकटत असेल, तर त्यामागे हाडे कित्येक तास मंद आचेवर उकळून काढलेला अर्क असण्याची शक्यता मोठी असते, कारण त्या वेळात हाडांभोवतीच्या कोलॅजेन या प्रथिनाचे चिकट जिलेटिन होते. तो दाटपणा कोणत्याही मसाल्याने येणार नाही. (जेवता जेवता अशी चौकशी चालवली की सोबतची मंडळी वैतागतात, हे खरे.)

मसाल्यांचा गंध आणि तिखटपणा ज्या द्रव्यांमुळे असतो, त्यांतील बहुतेक पाण्यात फारशी विरघळत नाहीत, तेलात किंवा लोण्यात विरघळतात. लवंगेतील युजेनॉल, दालचिनीतील सिनॅमाल्डिहाइड, मिरचीतील कॅप्सेसिन, हळदीला रंग देणारे कर्क्युमिन ही सारी त्याच वर्गातली. उकळत्या रश्श्यावर आयत्या वेळी भुरभुरलेली पूड कच्ची आणि खरखरीत लागते, ती यामुळेच. अख्खे मसाले तेलात आधी घालावेत, कारण उष्णता त्यांच्या आतपर्यंत पोहोचायला अवधी लागतो. पूड मात्र काही सेकंदांत फुलते आणि तितक्याच लवकर करपते. त्यातही मिरचीची पूड आणि मेथी यांना अजिबात दम नसतो. अशा वेळी पूड चमचाभर पाण्यात कालवून तेलात सोडण्याची जुनी युक्ती मला सर्वांत भरवशाची वाटते. पाणी आटेपर्यंत मसाल्याचे तापमान १०० अंश सेल्सिअसच्या आसपासच राहते, आणि कडेने तेल सुटू लागले की पाणी गेले व मसाला शिजला, हे डोळ्यांनाच कळते. केशराची रीत मात्र उलटी आहे. त्याला रंग देणारे क्रोसिन पाण्यात विरघळते, त्यामुळे केशराच्या काड्या कोमट पाण्यात किंवा दुधात भिजवून घालाव्यात.

घरच्या पदार्थाला हॉटेलातला खमंगपणा येत नाही, त्याचे कारणही अनेकदा मसाल्यात नसते. भाजल्याचा तो खमंगपणा साधारण १४० अंशांच्या पुढे वेगाने तयार होऊ लागतो, आणि भांड्यात पाणी साचलेले असेपर्यंत तापमान १०० अंशांच्या फारसे वर जात नाही. हॉटेलातील शेगडीची आच मोठी असल्यामुळे पाणी सुटता सुटताच उडून जाते. घरी तीच किमया साधायची असेल, तर भांडे आधी चांगले तापवावे, जिन्नस कोरडे करून घ्यावेत आणि ते एकदम न ओतता थोडे थोडे परतावेत. कांदा दहा मिनिटांत मंद आचेवर गडद तपकिरी होतो, ही तर पाककृतीलेखनातील सर्वांत चिवट थाप आहे. त्याला अर्ध्या-पाऊण तासाची तयारी ठेवावी, नाहीतर तो पदार्थ त्या दिवशी करूच नये.

सुगंधी पानांचे दोन गट मनात पक्के असले की पुष्कळ काम भागते. रोझमेरी, थाइम, तमालपत्र ही चिवट पाने शिजण्याच्या आरंभी घातली तरी टिकतात, नव्हे, त्यांना तो वेळ लागतोच. बेसिल, कोथिंबीर, पार्स्ली यांसारखी कोवळी पाने आच बंद केल्यावरच घालावीत, कारण त्यांचा गंध पाच-दहा मिनिटांच्या उकळीत निघून जातो. वाळलेली पाने ताज्याच्या साधारण एक-तृतीयांश पुरतात, ती तळहातावर चुरडून लवकर घालावीत. पण वाळलेले बेसिल ताज्याच्या जागी चालते, हे मला पटत नाही. लसणाची गोष्ट थोडी निराळी आहे. त्याचा उग्र वास पाकळी चिरल्यावर किंवा ठेचल्यावरच तयार होतो आणि तो तयार करणारे एन्झाइम उष्णतेने निकामी होते, त्यामुळे तिखट लसूण हवा असल्यास ठेचून काही मिनिटे ठेवावा, सौम्य हवा असल्यास अख्खी पाकळी शिजवावी.

इतके सगळे जमूनही काहीतरी कमी वाटत असेल, तर मसाला वाढवण्याआधी मीठ, आंबट आणि उमामी (मांसाच्या रश्श्यात जाणवते तशी भरीव चव) या तिन्हींची चाचपणी करावी. किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १९०८ मध्ये समुद्री शेवाळातून ग्लुटामेट वेगळे करून उमामी ही चव ओळखली. टोमॅटो, मशरूम, मुरलेले चीज आणि सोया सॉस यांत ती भरपूर असते. ज्याला आपण ‘तो गुप्त मसाला’ म्हणतो, तो कित्येकदा आटवलेला टोमॅटो, लिंबाचे चार थेंब आणि शेवटी सढळ हाताने घातलेले लोणी एवढाच निघतो.

मसाले अख्खे घ्यावेत, लागतील तेवढेच दळावेत आणि शेगडीच्या वरच्या फळीवर मुळीच ठेवू नयेत. शेवटची चव पाहण्याआधी मात्र स्वयंपाकघरातून दहा मिनिटे बाहेर जावे, कारण तासभर त्याच वासात वावरलेले नाक तो वास नोंदवणे थांबवते आणि हात उगाच मसाल्याच्या डब्याकडे वळतो. चव पाहतानाही घास वाढतेवेळी असेल तितकाच गरम असावा, कारण तापमान बदलले की त्याच पदार्थातील गोड, आंबट आणि तिखट यांचे प्रमाण निराळे जाणवते.