हिरवट पिरोजा

आत्याची पिरोजाची अंगठी माझ्याकडे आली तेव्हा तिचा खडा निळा राहिलाच नव्हता. चांगला शेवाळी हिरवा झाला होता. फक्त एका बाजूला, चांदीच्या कोंदणाला लागून, केसाएवढी निळी कोर शिल्लक होती. तेवढ्यावरून मूळ रंग ओळखायचा. "मी आजारी पडले की हा आधी उतरतो," असं आत्या अगदी ठामपणे सांगायची, आणि आम्ही भाचरं तिला हसायचो.

पुढे वाचनात आलं, की आत्या एकटी नव्हती. घालणाऱ्याची तब्येत बिघडली की पिरोजा फिका पडतो, ही समजूत युरोपातही शतकानुशतकं होती. घोडेस्वार तो बाळगायचे, कारण म्हणे तो अंगावर असला की घोड्यावरून पडलं तरी फारसं लागत नाही. फारसीत 'पिरोज' म्हणजे विजयी. अरबीत 'प' नाही, म्हणून तिकडे त्याचा 'फिरोज' झाला. आपल्या पिरोजाने मात्र तो जुना 'प' सांभाळलाय. उत्तम खडा इराणातल्या निशापूरचा. तो तुर्कस्तानच्या वाटेने युरोपात पोचला, म्हणून फ्रेंचांनी त्याला 'तुर्की दगड' म्हटलं. खाण एकाची, नाव दुसऱ्याचं!

खड्याचा रंग उतरतो हे मात्र खरं आहे. पिरोजा म्हणजे तांबं आणि ॲल्युमिनियमचं फॉस्फेट, आणि त्यात चक्क पाणी. निळाई तांब्याची, ॲल्युमिनियमच्या जागी लोह शिरलं की खडा जन्मतःच हिरवट. हिऱ्याचा कठीणपणा 10 धरला तर याचा जेमतेम 5 ते 6. शिवाय अंगाला बारीक छिद्रं. घाम, तेल, अत्तर, साबण, जे लागेल ते तो पिऊन टाकतो. तापात दरदरून घाम येतो, तेव्हा आत्याच्या म्हणण्यात थोडं तथ्य असेलही.

हे सगळं कळायच्या आधी मी एक शहाणपणा केला होता. कोमट पाणी, साबण आणि जुना टूथब्रश घेऊन अंगठी घासूनपुसून काढली. चांदी लखलखली. खडा वाळला तो खडूसारखा, पार निस्तेज. आत्याने चाळीसेक वर्षं घातलेली वस्तू मी दहा मिनिटांत धुऊन टाकली होती. मग अपराधी मनाने ती रोज बोटात घालायला लागले. काही महिन्यांनी खड्यावर पुन्हा मंद तकाकी आली. निळी नाही, हिरवीच.

आजकाल पिरोजात राळ जिरवून त्याचा रंग पक्का करतात. हाऊलाइट नावाचा पांढरा दगड रंगवून पिरोजा म्हणून खपवतात तो प्रकार वेगळाच. पण नकलेला नाक मुरडण्यात अर्थ नाही. प्राचीन इजिप्शियन लोक सिनाईच्या डोंगरांतून खरा पिरोजा काढत, तिथे हाथोर देवीला 'पिरोजाची स्वामिनी' म्हणून पुजत, आणि त्याच वेळी निळ्या-हिरव्या झिलईचे नकली मणीही घडवत.

जुन्या दागिन्यांत मला सगळ्यात मोह पडतो तो लडाखी 'पेराक'चा. कपाळापासून पाठीपर्यंत उतरणारी पट्टी आणि तिच्यावर ओळीने टाचलेले पिरोजे. आईकडून थोरल्या लेकीकडे जाणारी. त्यातले दोन खडे एका रंगाचे दिसतील तर शपथ. कुठे काळ्या शिरांची जाळी, कुठे पोपटी झाक. त्यापुढे व्हिक्टोरिया राणीने 1840 साली लग्नात आपल्या करवल्यांना दिलेले पिरोजे जडवलेले गरुडाचे ब्रोच मला जरा जास्तच नीटनेटके वाटतात. गरुडांना माणकांचे डोळे आहेत, तरीही.

परवा अंगात कणकण होती. थर्मामीटर शोधायच्या आधी मी दिव्याखाली अंगठी धरली. खडा होता तसाच, हिरवा, शांत. थर्मामीटरने 101 दाखवला.

अंगठी अजून मला ओळखत नसावी.