टोटल काउंटच्या पुढची ओळ

कर्करोग विभागात काम करू लागल्यापासून पांढऱ्या पेशींचा रिपोर्ट हातात आला की मी टोटल काउंटवर थांबत नाही. प्रौढांमध्ये दर मायक्रोलिटरला साधारण 4,000 ते 11,000 पेशी असणे सर्वसामान्य मानले जाते. परंतु त्यांपैकी न्यूट्रोफिल किती आहेत, हे त्या आकड्यावरून कळत नाही आणि जिवाणूंशी झुंजण्याचा पहिला भार तर त्यांच्यावरच असतो.

एका रुग्णाचा टोटल काउंट 4,200 होता, म्हणजे मर्यादेच्या आत. डिफरन्शियलमध्ये, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या प्रकारवार टक्केवारीत, मात्र न्यूट्रोफिल आणि बँड पेशी (अपरिपक्व न्यूट्रोफिल) मिळून केवळ 10 टक्के होत्या. 4,200 चे 10 टक्के म्हणजे 420. हा आकडा 1,500 च्या खाली गेला की त्याला न्यूट्रोपेनिया म्हणतात, आणि 500 च्या खाली तो तीव्र समजला जातो. याउलट 2,000 काउंट असलेल्या आणि 80 टक्के न्यूट्रोफिल असलेल्या रुग्णाकडे 1,600 पेशी असतात. पहिला रिपोर्ट वरवर दिलासा देणारा असला, तरी संसर्गाचा धोका त्याच रुग्णाला अधिक होता.

अशा रुग्णाची पाहणी करताना नेहमीच्या खुणांवर विसंबता येत नाही. पू मुख्यतः न्यूट्रोफिलपासूनच बनतो, त्यामुळे त्या नसतील तर जखमेत पू दिसणार नाही आणि लालसरपणा किंवा सूजही नाममात्र असेल. कित्येकदा ताप हीच एकमेव खूण उरते. म्हणूनच एकदा 38.3 अंश सेल्सिअस किंवा तासभर 38 अंश टिकून राहिलेला ताप दिसला, तर मी सकाळच्या राउंडची वाट न पाहता डॉक्टरांना त्याच क्षणी कळवते, कारण प्रतिजैविकाचा पहिला डोस तासाभरात जाणे अपेक्षित असते. या रुग्णांचे तापमान गुदमार्गे कधीही घेऊ नये.

वाढलेल्या काउंटचाही अर्थ प्रत्येक वेळी संसर्ग असा नसतो. स्टिरॉइडमुळे रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटलेले न्यूट्रोफिल प्रवाहात उतरतात आणि संसर्ग नसतानाही आकडा चढतो, म्हणून औषधांचा तक्ता शेजारी ठेवूनच मी रिपोर्ट वाचते. बँड पेशी वाढल्या असतील, तर मात्र मी अधिक सावध होते; अस्थिमज्जा अपरिपक्व पेशी घाईने रक्तात पाठवत असल्याची ती खूण असते. गंभीर सेप्सिसमध्ये, म्हणजे संसर्गामुळे अवयव धोक्यात येतात तेव्हा, टोटल काउंट 4,000 च्या खालीही घसरू शकतो, आणि अशा वेळी कालच्या रिपोर्टशी केलेली तुलना एकट्या आकड्यापेक्षा कितीतरी अधिक सांगून जाते.