इंदूरच्या वाटेवर दमलेला फ्युएल पंप

धुळ्याहून निघून शिरपूर, सेंधवा करत खलघाटला नर्मदा ओलांडली, तोवर गाडीची काही तक्रार नव्हती. मानपूरचा घाट लागला आणि ती आचके द्यायला लागली. सपाटीला पुन्हा नीट, चढ आला की जीव जायचा. रखडत महू, राऊ मागे टाकून कसंबसं लोकमान्य नगरात मावशीचं घर गाठलं.

सकाळी पोहे-जलेबी पोटात गेल्यावर मावसभावाने ओळखीच्या मिस्त्रींकडे नेलं. मी म्हणालो, टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे ढकलणारा फ्युएल पंपच गेला असणार. ते म्हणाले, "दादा, आधी चेक तर करून घेऊ. नवा पंप काही स्वस्त नाही."

चावी ऑन केली, मागच्या सीटखालून दोन सेकंद घूंऽ आवाज आला. म्हणजे फ्यूज आणि पंपाला वीज जोडणारा स्विच, म्हणजे रिले, ठीक. पण पंप फिरतो म्हणजे प्रेशर देतोच असं नाही. इंजिनाकडच्या फ्युएल लाइनला प्रेशर मोजणारा गेज लावला. आमच्या गाडीला साडेतीन बार प्रेशर हवं. काटा अडीचवर, आणि रेस केली की आणखी खाली. चढावर पेट्रोल जास्त लागतं, तिथेच पंप कमी पडत होता. तरीही मिस्त्रींनी घाई केली नाही, याचं मला फार कौतुक वाटलं. पंप चालू ठेवून कनेक्टरवर मल्टिमीटर लावला: बॅटरीइतकेच व्होल्ट, अर्थिंगही चोख. इथे व्होल्ट कमी भरले असते तर दोष वायरिंगचा, आणि नवा पंपही तसाच रडला असता.

मग फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवलं, लाइनमधलं प्रेशर उतरवलं, बॅटरीची निगेटिव्ह सोडली. गॅरेजातल्या गणपतीपुढची उदबत्तीसुद्धा विझवली. टाकीवरची, पंप पकडून ठेवणारी रिंग लाकडी ठोकळ्याने हळूहळू ठोकत फिरवली. लोखंडावर लोखंड घातलं तर ठिणगी उडायची. पंप तिरका करून, पेट्रोलची पातळी दाखवणाऱ्या फ्लोटची दांडी वाकू न देता बाहेर घेतला. खालची जाळी स्वच्छ होती. नवा पंप, रबरी रिंगही नवीच. चार-पाच वेळा चावी ऑन-ऑफ केल्यावर काटा साडेतीनवर गेला आणि चावी बंद केल्यावरही तिथेच राहिला. कुठे पाझरत नाही ना, हे बोट फिरवून पाहिलं.

निघताना त्यांनी बजावलं, टाकी पाव भागाखाली जाऊ देऊ नका. पंपाला थंड ठेवतं ते पेट्रोलच.

दुसऱ्या दिवशी महेश्वर पाहून येताना मुद्दाम जाम गेटचा चढ घेतला. गाडीने एकही आचका दिला नाही.