एचटीएलव्ही-१ चे निदान : माझा अनुभव

माझ्या निदानात सर्वाधिक काळ गेला तो खात्रीच्या चाचणीपाशी, आणि त्याचा राग अजून ओसरलेला नाही. पायांत वाढत गेलेला ताठरपणा, कंबरदुखी आणि लघवीची अनावर घाई पाहून मेंदूविकारतज्ज्ञांनी एमआरआय केला, बी-१२ची कमतरता नाही याची खात्री करून घेतली आणि मज्जारज्जूचा आजार घडवू शकणाऱ्या एचटीएलव्ही-१ विषाणूची तपासणी लिहून दिली. इथवर सारे सुरळीत झाले.

पहिल्या चाचणीत प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रथिने, आढळली. वेस्टर्न ब्लॉट या खात्रीच्या चाचणीच्या पट्टीवर मात्र मोजक्याच फिकट रेषा उमटल्या आणि प्रयोगशाळेने ‘अनिर्णित’ असा शेरा मारून हात झटकले. पुढे काय करायचे, हे कुणीच सांगेना. खिडकीवरचे कर्मचारी ही एचआयव्हीची तपासणी समजून मला भलत्याच रांगेत पाठवत, आणि हा विषाणू वेगळा असून त्याने एड्स होत नाही, हे दर वेळी मलाच समजावून सांगावे लागे. अखेर डॉक्टरांनी रक्तपेशींतील विषाणूच्या डीएनएसाठी पीसीआर चाचणी करवली, तेव्हा गाठ सुटली. असा अनिर्णित अहवाल हाती आला, तर त्याच भेटीत पीसीआरचा विषय काढा.

पाठीच्या कण्यातील पाण्याचीही तपासणी झाली. त्यातही प्रतिपिंडे मिळाली.

प्रयोगशाळेच्या अर्जात जन्मप्रदेशाचा किंवा आईच्या मूळ प्रदेशाचा रकानाच नव्हता, हे मला अक्षम्य वाटते. १९८५ मध्ये कॅरिबियनमधील मार्टिनिक बेटावर आणि १९८६ मध्ये जपानच्या कागोशिमा येथे संशोधकांनी दोन्ही पायांच्या ताठर दुर्बलतेचा या विषाणूशी संबंध दाखवला, तो हा संसर्ग दाट असलेल्या प्रदेशांतील रुग्ण तपासूनच. स्तनपान, लैंगिक संबंध आणि रक्त यांतून पसरणारा हा संसर्ग घराण्यांत पिढ्यानपिढ्या टिकतो. म्हणून नैर्ऋत्य जपान, कॅरिबियन बेटे अशा काही प्रदेशांत तो दाट आढळतो, तर इतर अनेक ठिकाणी विरळ.

भावंडांना व जोडीदाराला तपासणी करायला जरूर सांगा, पण घाबरवू नका : पाच टक्क्यांहून कमी बाधितांना आयुष्यात हा मज्जारज्जूचा आजार होतो. रक्तदान मात्र बाधितांनी करू नये.

एक सांगायचे राहिले. लघवीच्या वेळांची नोंद पहिल्या भेटीपासूनच ठेवा. विषाणू नाहीसा करणारे औषध अद्याप नसल्याने उपचार लक्षणांनुसार ठरतात, आणि तज्ज्ञांनी माझ्याकडे सर्वांत आधी तीच वही मागितली.